गिटार घ्यायला जाताना खिशात स्टीलची पट्टी ठेवा

माझी पहिली गिटार मी दीड वर्ष वाजवली आणि सोडून दिली. एफची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, लागायचीच नाही. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं ठेवायचं, मनगट वळवायचं, मागून अंगठा रेटायचा, तरी दोन तारा बद्द वाजायच्या. बोटांच्या टोकांना चिरा पडायच्या. माझ्या हातांत तेवढी ताकदच नाही, असं मी मनाशी धरून चालले होते.

तीन वर्षांनी तीच गिटार मी वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. ओळखीच्या मुलाला देऊन टाकायची होती, तेवढ्यासाठी तारा बदलून हव्या होत्या. काकांनी गिटार आडवी धरली, बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या दांडीपाशी, डोळा नेला आणि म्हणाले, "बाळ, यावर तू शिकत होतीस?" खर्जाची, म्हणजे सगळ्यात जाड, तार आणि बारावी फ्रेट यांच्यात चार मिलिमीटर अंतर होतं. तिथे अडीच हवं.

मग त्यांनी तारा सैल केल्या. ब्रिजच्या, म्हणजे अंगावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याच्या, खाचेत उभी असते ती पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, पकडीने अलगद उपसली. तिच्या तळाकडे पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली आणि काचेच्या तुकड्यावर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर ती रेघ पुसली जाईपर्यंत सॅडल घासत बसले. दोन मिलिमीटर उतरवले. नेकच्या, म्हणजे गिटारीच्या मानेच्या, आतला सळईचा स्क्रू पाव फेरा आवळला, नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा बारीक कानशीने जराशा खोल केल्या, नव्या तारा चढवल्या. पाऊण तास लागला असेल. त्या दुपारी माझी एफ पहिल्याच झटक्यात सहाही तारांवर वाजली. गिटार मी कोणालाही दिली नाही.

आज मला गिटार शिकवायला लागून अठरा वर्षं झाली. शिकायला येणाऱ्यांबरोबर दुकानात जाण्याची वेळ कितीदा तरी येते, आणि प्रत्येक वेळी माझा क्रम एकच असतो. आधी मोजायचं, मग ऐकायचं, आणि सेटअपचे, म्हणजे काकांनी केली तशी गिटार मापात आणून घेण्याचे, पैसे गिटार घेण्याआधीच बाजूला काढायचे. पैसे थोडे असतील तेव्हा हा क्रम जास्तच लागू पडतो, कारण महागड्या गिटारीत कारखान्यातच कोणीतरी हे काम करून पाठवलेलं असतं. स्वस्त गिटारीत ते काम बहुधा तुमच्यासाठी ठेवलेलं असतं.

पैशाचे आधी दहा भाग

हातात जेवढे पैसे आहेत त्यांचे मनात दहा भाग करा. आठ गिटारीचे. उरलेल्या दोनांत सेटअप, तारांचा एक चांगला संच आणि जाड अस्तराची बॅग बसवायची. ट्यूनरचं, म्हणजे तारा सुरात लावायचं, ॲप फोनवर फुकट मिळतं, क्लिपवाला ट्यूनर नंतर घेतला तरी चालतो. "सगळे पैसे गिटारीतच घालू, सेटअपचं बघू पुढे" असं ठरवणाऱ्यांचं ते पुढे क्वचितच येतं. त्यांची गिटार कोपऱ्यात उभी राहते.

बॅग, पट्टा, पिक, ट्यूनर, जादा तारा असं सगळं एका खोक्यात देणारे संच मला पटत नाहीत. त्या वस्तूंचे पैसे गिटारीच्या लाकडातून आणि मजुरीतूनच काढलेले असतात. पिकअप, म्हणजे गिटार ॲम्प्लिफायरला जोडायचं यंत्र, त्याचंही तेच. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन गिटारी समोर असतील आणि एकीत पिकअप असेल, तर तेवढी रक्कम दुसरीकडे कुठेतरी वाचवलेली आहे हे धरून चाला, आणि बहुतेक वेळा ती टॉपमध्ये वाचवलेली असते. मंचावर वाजवायची वेळ येईल तेव्हा पिकअप मागाहून बसवता येतो. टॉप बदलता येत नाही. नेकजवळ अंगाला दिलेला कट, नेकवरची शिंपल्यांची नक्षी, रंगीत चकाकी यांचंही असंच. दिसायला छान वाटतं हे मला मान्य आहे, आणि आवडती दिसणारी गिटार हातात जास्त घेतली जाते हेही खरं. पण पैसे मोजकेच असतील तर ही यादी शेवटी ठेवा.

नायलॉन की स्टील, आणि अंगाला बसणारा आकार

हा फाटा सुरुवातीलाच लागतो. नायलॉनच्या तारांची ती क्लासिकल गिटार. तिची नेक रुंद, नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर, आवाज गोल आणि मऊ. स्टीलच्या तारांच्या गिटारीची नेक नटपाशी ४३ ते ४४ मिलिमीटर, आवाज खणखणीत. गाण्याच्या साथीला लोक जी वाजवताना दिसतात ती बहुतेक हीच. बोटं दुखू नयेत म्हणून नायलॉन घ्या, असं सांगणारे भेटतील. पहिले तीन-चार आठवडे दोन्हींवर बोटं दुखतात. ज्या तऱ्हेचं संगीत वाजवायची ओढ आहे, त्या तऱ्हेचीच गिटार घ्या, नाहीतर रोज हातात घेऊनही मनातला आवाज येणार नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. क्लासिकल गिटारीवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. नेहमीच्या १२ गेजच्या (गेज म्हणजे तारांची जाडी) स्टील संचाचा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. त्या ताणाने टॉप फुगतो आणि ब्रिज उखडून येतो. दुप्पट ओझं घातलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ब्रिज निघताना लाकडाचे तंतू सोबत घेऊन निघतो.

आकाराकडे लोक बघतच नाहीत. दुकानाच्या भिंतीवर सगळ्यात जास्त टांगलेला असतो तो ड्रेडनॉट. मार्टिन कंपनीने तो पहिल्यांदा १९१६ मध्ये बनवला आणि त्याला ब्रिटिश युद्धनौकेचं नाव मिळालं. नावाला शोभेल असंच अंग आहे, रुंद आणि खोल. खर्ज भरपूर, जोरात वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला उत्तम. पण माझ्याकडे बारा वर्षांची एक मुलगी यायची, तिच्या बाबांनी हौसेने ड्रेडनॉट आणला होता. वाजवताना तिचा उजवा खांदा कानाला टेकायचा. महिन्याभरात मान दुखायला लागली आणि ती तासाला टाळाटाळ करू लागली. "ताई, मला गिटार आवडते, पण धरायला आवडत नाही," असं ती म्हणाली, ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. बाबांनी ती गिटार बदलून लहान अंगाची, आखूड स्केलची घेतली. स्केल म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतची तार. मार्टिनच्या मापाने सांगायचं तर ड्रेडनॉटला ती २५.४ इंच असते, लहान अंगाच्या आखूड स्केलच्या गिटारीला २४.९ इंच. अर्ध्या इंचाने काय होणार असं वाटतं, पण तेवढ्याने तारेचा ताण उतरतो आणि फ्रेट जवळ येतात. लहान पंजाला पहिल्या तीन फ्रेटांत हा फरक लगेच कळतो.

म्हणून दुकानात गिटार हातात आली की वाजवण्याआधी हात नसलेल्या खुर्चीवर बसा, ती मांडीवर घ्या, डोळे मिटा, आणि दोन मिनिटं नुसते धरून बसा. खांदा वर गेलाय का, मनगट तुटेल असं वळलंय का, अंगठा नेकच्या मागे कुठे विसावतो, हे डोळे मिटले की नीट जाणवतं.

पैसे कुठे लागलेत ते टॉपमध्ये बघा

टॉप म्हणजे समोरची, साउंडहोल (मधलं गोल भोक) असलेली फळी. तारेची थरथर ब्रिजमधून हिच्यात उतरते आणि हीच हवा हलवते. ती एकसंध लाकडाची असेल तर तिला सॉलिड टॉप म्हणतात. तीन पातळ थर चिकटवून केली असेल तर लॅमिनेट. एकसंध फळी मोकळी थरथरते, आवाजाला आस जास्त राहते, म्हणजे स्वर रेंगाळतो, आणि वाजवून वाजवून ती आणखी खुलते, असा माझा अनुभव आहे. लॅमिनेटचा आवाज पहिल्या दिवशी असतो तसाच साधारण राहतो.

मागची फळी आणि बाजू कोणत्या लाकडाच्या, यावर मात्र विक्रेते फार बोलतात. रोझवूड, महोगनी, मॅपल. अंटोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिराने, ज्याच्या आराखड्यावर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, १८६२ मध्ये एक गिटार केली. तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या, टॉप तेवढा खऱ्या लाकडाचा. आवाज टॉपचा असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच वेगळ्या रीतीने तपासलं. एकाच घडणीच्या सहा स्टील-तारी गिटारी, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. लाकूड दिसणार नाही अशा बेताने त्या ५२ वादकांना वाजवायला दिल्या. वादकांनी दिलेल्या गुणांत नाव घेण्यासारखा फरक निघाला नाही. तेव्हा पाठ लॅमिनेट असली तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. थोड्या पैशांत सॉलिड टॉप आणि लॅमिनेट पाठ-बाजू, हीच जोडी सगळ्यात पदरात पडणारी.

सॉलिड आहे की नाही हे ओळखायचं कसं? साउंडहोलच्या काठावर फोनचा प्रकाश पाडा आणि फळीची जाडी बघा. वर दिसणाऱ्या लाकडाच्या उभ्या रेषा काठावरून वळून तशाच खाली उतरत असतील, तर ती एकसंध. काठावर सँडविचसारखे थर दिसले, मधला थर वेगळ्या रंगाचा किंवा आडव्या रेषांचा असला, तर लॅमिनेट. कधी काठाला रंग किंवा पट्टी लावून ते झाकलेलं असतं. मग माहितीपत्रक वाचा. तिथे "स्प्रूस टॉप" एवढंच असेल आणि "सॉलिड" हा शब्द नसेल, तर तो लॅमिनेट समजा. सॉलिड असता तर कंपनीने तो शब्द मोठ्या अक्षरांत छापला असता. नावांतही फसायला होतं. फेंडरची सीडी-६० आणि सीडी-६०एस यांत त्या शेवटच्या 'एस'मध्येच सॉलिड टॉप आहे. यामाहाची एफजी ८०० सॉलिड टॉपची, एफ ३१० लॅमिनेटची.

आता याची दुसरी बाजू. लॅमिनेट दमट हवेत, कोरड्या हवेत, प्रवासात जास्त टिकतं. लहान मुलासाठी, किंवा गिटार पाठीवर टाकून भटकणाऱ्यासाठी, चांगली बांधलेली लॅमिनेट गिटार अगदी सरळ निवड आहे. आणि सॉलिड टॉपची पण नेक वाकडी असलेली गिटार आणि लॅमिनेटची पण मापात बसणारी गिटार यांत मी दुसरी उचलेन, क्षणभरही विचार न करता.

पट्टी काढा

पट्टी सहा इंची स्टीलची, आणि तिचं शून्य अगदी टोकापासून सुरू होणारी घ्या. शाळेतल्या पट्टीला शून्याआधी थोडी मोकळी जागा असते, तिने हे माप निघत नाही.

मोजण्याआधी गिटार पूर्ण सुरात लावा. ई, ए, डी, जी, बी, ई. हे सांगायचं कारण असं की टांगलेल्या गिटारीच्या तारा उतरलेल्या असतात. ढिल्या तारांवर ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कमी दिसते. सुरात आणली की ताणाने नेक किंचित पुढे येते, तार वर उचलली जाते, आणि खरं माप समोर येतं.

गिटार वाजवायच्या स्थितीतच, मांडीवर उभी ठेवा. पट्टीचं टोक बाराव्या फ्रेटच्या धातूवर टेकवा, डोळा तारेच्या पातळीत आणा आणि तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर वाचा. स्टीलच्या गिटारीला खर्जाच्या ई-ला अडीच मिलिमीटर, बारीक ई-ला दोन मिलिमीटर आलं तर ती तयारच आहे. तीन आणि अडीचपर्यंत असेल तरी घाबरू नका, ते दुरुस्त होतं. क्लासिकलला माप मुळातच जास्त, चार आणि तीनच्या आसपास.

दुरुस्त होईल की नाही, याचं गणित दुकानातच करता येतं. बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं, त्याच्या दुप्पट सॅडल घासावी लागते, कारण बारावी फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असते. समजा खर्जाला ३.२ आलं आणि तुम्हाला २.५ हवं. फरक ०.७, म्हणजे सॅडलमधून १.४ मिलिमीटर जायला हवा. आता सॅडल ब्रिजच्या लाकडावर किती उभी आहे ते त्याच पट्टीने बघा. घासल्यावर निदान तीन मिलिमीटर वर उरली पाहिजे, नाहीतर तारेचा सॅडलवरचा दाब कमी होऊन आवाज मरतो. इथे साडेचारच्या आसपास उभी असेल तर गिटार घ्यायला हरकत नाही. मुळात दोनच मिलिमीटर वर असेल आणि ॲक्शन तरी उंच असेल, तर नेकचा कोनच बिघडलेला आहे. ती गिटार परत टांगा, कितीही गोड वाजत असली तरी.

मग नेकचा बाक. एका हाताने खर्जाची तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्याने जिथे नेक अंगाला मिळते तिथे, साधारण चौदाव्या फ्रेटवर. आता ती तार म्हणजेच सरळ पट्टी झाली. मध्ये सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात दोन-तीन साध्या कागदांच्या जाडीएवढी फट दिसायला हवी. फट अजिबात नसेल किंवा त्यातून जाड पुठ्ठा जात असेल, तर नेकमधली सळई फिरवून ते जमतं. सळईचा स्क्रू नीट फिरतो का, हे विक्रेत्याला समोर फिरवायला सांगून बघा. पाव फेऱ्याहून जास्त नको. तो स्क्रू अडकलेला किंवा घासून गोल झालेला असेल, तर पुढे तुमच्या हातात काहीच राहत नाही.

नट राहिला. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे केसाएवढी फट असावी. बोटाने टिचकी मारली तर बारीक टक् ऐकू यावं, एवढीच. फट मोठी असेल तर पहिल्या स्थानावरच्या सगळ्या कॉर्ड जड जातात आणि सुराबाहेर चढ्या वाजतात. माझ्या एफची निम्मी कथा इथे होती. कानस लावून हे काम स्वस्तात होतं, म्हणून या एका दोषासाठी गिटार नाकारू नका. खाच उलट फार खोल असेल, मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरत असेल, तर नट बदलावा लागतो. तोही मोठा खर्च नाही.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे पण करायचंच. प्रत्येक तारेवरचा प्रत्येक स्वर एकेक करून वाजवा, पहिल्या फ्रेटपासून जिथवर हात पोचतो तिथवर. एखाद्याच जागी खरखर आली तर पुढची एखादी फ्रेट उचललेली आहे, ती बसवता येते. सगळ्या नेकभर खरखर असेल तर आधी सांगितलेला नेकचा बाक परत तपासा. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेटांची टोकं बोचत असतील तर नेकचं लाकूड सुकून आक्रसलं आहे. ती टोकं घासून मिळतात, पण दुकानात गिटार कोरडी पडली होती एवढी खूण त्यातून मिळते, मग टॉपवर बारीक भेग आहे का ते जास्त निरखून बघा.

बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून वाजवा, घंटेसारखा स्वर येईल. मग तिथेच दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसले पाहिजेत. काट्याची थोडी हालचाल चालेल. दाबलेला स्वर स्पष्ट चढा किंवा उतरा असेल आणि तारा नव्या असतील, तर ब्रिज किंवा सॅडल जागेवर नाही. जुन्या तारांवर ही परीक्षा करू नका, गंजलेली तार स्वतःच खोटं बोलते.

खुंट्या फिरवून बघा, दोन्हीकडे. मध्ये मोकळा फेरा जाणवला तर सूर टिकणार नाही. सूर लावताना नटपाशी तार टक् करून उडी मारत असेल, तर ती खाचेत अडकते आहे. त्या खाचेत साध्या पेन्सिलीचं शिसं घासलं की बहुतेक वेळा ते थांबतं.

शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचं टोक सरकवून बघा. आत गेलं तर ब्रिज सुटायला लागला आहे. साउंडहोलमधून फोन आत घालून दोन-चार फोटो काढा, टॉपच्या आतल्या पट्ट्या दिसतील. त्या टॉपला पूर्ण चिकटलेल्या असाव्यात. बोटाच्या पेराने टॉपवर जागोजागी हलकं ठोकलं आणि कुठे खुळखुळ आली, तर तिथली पट्टी सुटली आहे.

एवढं करायला वीस मिनिटं लागतात. दुकानदार चांगला असेल तर त्याला राग येत नाही. मला तर उलट अनुभव आहे, पट्टी बघितली की तो आतून दुसरा नग काढून आणतो. एकाच मॉडेलचे दोन-तीन नग मोजायला नक्की मागा. लाकडाची दोन झाडं सारखी नसतात, आणि कारखान्यात ती बसवणारे हातही.

आता ऐका

मापात बसलेल्या दोन-तीन गिटारीच फक्त ऐकायच्या. तुम्हाला वाजवता येत नसेल तर येणाऱ्या कोणाला सोबत न्या. येत असलं तरी न्या. गिटारीचा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याच्या कानाला तो तिरका मिळतो. समोर दोन मीटरवर बसा, पाठ फिरवा, आणि सोबत्याला सांगा की कोणती वाजवतोय ते बोलू नकोस. एकच साधी कॉर्ड, हळू आणि मग जोरात. मग एकेक मोकळी तार वाजवून ती विरेपर्यंत थांबायचं. आस किती लांब राहते, विरताना स्वच्छ विरते की गढूळ होते, खर्जाची तार बाकीच्यांना गिळते का, हळू वाजवलं तर आवाज जिवंत राहतो का. चांगली गिटार हळू वाजवल्यावर ओळखू येते. जोरात सगळ्याच वाजतात.

एकीच्या तारा नव्या आणि दुसरीच्या काळ्या पडलेल्या असतील तर ही तुलना करू नका. तारा बदलून द्यायला सांगा, पैसे तुम्ही द्या. त्या खर्चात चुकीची गिटार टळते.

वापरलेली गिटार

थोड्या पैशांत सर्वांत चांगली गिटार बहुतेक इथेच मिळते. कोणीतरी हौसेने घेतलेली असते, सहा महिने वाजवून ठेवून दिलेली असते, आणि पहिल्या मालकाने किमतीतली उतरण सोसलेली असते. वरच्या सगळ्या परीक्षा इथे दुप्पट काळजीने करा, आणि तीन जागा अधिक बघा. नेकच्या डोक्यापाशी, नटच्या मागे, तुटून चिकटवल्याची रेघ आहे का. टॉप ब्रिजच्या मागे फुगून ब्रिजच्या पुढे खचलाय का, त्यासाठी गिटार डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून उजेडाकडे बघा. थोडा फुगवटा असतोच, तो ताणाचा आहे. आणि फ्रेटांवर तारांखाली खड्डे पडलेत का. खड्डे उथळ असतील तर घासून समतल होतात, खोल असतील तर फ्रेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

ओरखड्यांना भिऊ नका. अमेरिकन गायक विली नेल्सन १९६९ पासून एकच नायलॉनची मार्टिन वाजवतो आहे, पिकने घासून घासून तिच्या टॉपला साउंडहोलशेजारी आरपार भोक पडलंय. पॉलिश गेलेलं असणं म्हणजे गिटार वाजली आहे एवढंच. लाकडातून जाणारी भेग मात्र वेगळी. नखाने तपासा, नख अडकलं तर ती पॉलिशच्या खाली गेलेली आहे.

न बघता मागवणार असाल तर परत करण्याची मुदत वाचून घ्या, आणि खोकं उघडल्या दिवशीच पट्टी लावा.

घरी आणल्यावर

नव्या जागेच्या हवेत लाकूड दोन आठवडे हलतं. म्हणून सेटअप पहिल्या दिवशी करू नका. आधी ती घरात रुळू द्या, रोज सुरात लावून वाजवा, मग कारागिराकडे न्या. त्यांना नुसतं "सेटअप करा" न म्हणता आकडे सांगा. खर्जाला अडीच, बारीकीला दोन, आणि तारा १२ गेजच्या की ११ च्या ते. ११ ने ताण थोडा उतरतो, सुरुवातीच्या बोटांना त्या बऱ्या. तारांची जाडी बदलली की बाकही थोडा बदलतो, म्हणून ज्या तारा वाजवणार त्याच चढवून सेटअप करून घ्या.

हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर लाकूड सुखात असतं. छोटा आर्द्रतामापक बॅगेत ठेवला की झालं. खूप कोरड्या दिवसांत गिटार बॅगेतच ठेवा, भिंतीवर टांगू नका. उन्हातल्या बंद गाडीत तर कधीच नको, तिथे ब्रिजचा डिंक मऊ पडतो.

सेटअप झाला की मी एक काम करते, माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांनाही करायला लावते. एका छोट्या कागदावर तारीख, तारांचं गेज आणि बाराव्या फ्रेटचे दोन आकडे लिहायचे आणि तो बॅगेच्या खिशात ठेवायचा. हवा बदलली की परत पट्टी लावायची आणि खाली नवीन ओळ लिहायची. त्या पहिल्या गिटारीच्या बॅगेत आज असे चार कागद आहेत. पहिल्यावरची पहिली ओळ काकांच्या अक्षरात आहे, पेन्सिलीने, २.७ आणि २.१.